फोटोआयनीकृत प्लाझ्मा प्रयोगशाळेत : पहिल्या गुणाकारापासून शेवटच्या शॉटपर्यंत

लेसरने क्ष-किरण तयार केले, ते गॅसवर टाकले, गॅस आयनित झाला (अणूंतले इलेक्ट्रॉन सुटले), म्हणजे फोटोआयनीकृत प्लाझ्मा मिळाला. या समजुतीवर उभे असलेले प्रयोग-आराखडे माझ्याकडे तपासायला येतात. त्यांत मेहनत दिसते, उपकरणांची यादी नीट असते, पण एक प्रश्न विचारलेलाच नसतो : अणूमधला इलेक्ट्रॉन नक्की कुणी काढला? फोटॉनने की दुसऱ्या इलेक्ट्रॉनच्या धडकेने? कृष्णविवराभोवतीच्या वायूत हे काम फोटॉन करतो. प्रयोगशाळेत घनता जास्त असल्याने धडकेचं पारडं फार लवकर जड होतं. त्यामुळे "हा प्लाझ्मा फोटोआयनीकृत आहे" हे गृहीत धरता येत नाही. ते प्रत्येक मोहिमेत, मोजून, नव्याने सिद्ध करावं लागतं. खालचे सगळे टप्पे त्यासाठी आहेत, आणि क्रम बदलला तर सहसा शॉट, म्हणजे लेसरचे एकेक मारे, वाया जातात.

मोजमापाच्या खुणा आधी सांगतो. ईव्ही म्हणजे इलेक्ट्रॉनव्होल्ट, हे ऊर्जेचं एकक, तापमानही त्यातच सांगितलं आहे. १०^१८ म्हणजे १० चा १८ वा घात. घनता सगळीकडे दर घन सेंटिमीटरला आहे.

टप्पा १ : प्रश्न एका वाक्यात लिहा

"आम्ही फोटोआयनीकृत प्लाझ्मा तयार करू" हा प्रश्न होत नाही. "अमुक मूलद्रव्याच्या अमुक आयनांचं प्रमाण, अमुक प्रवाहाखाली, आमच्या संगणकीय प्रारूपाशी जुळतं का?" हा प्रश्न झाला. त्या वाक्यात मूलद्रव्य, आयन आणि मोजायची वर्णरेषा आली नाही तर पुढचं काहीच ठरवता येणार नाही. सिलिकॉन, निऑन, अरगॉन, लोह यांची निवड बहुतेक वेळा वर्णपटमापक कुठल्या पट्ट्यात चांगला चालतो यावरून होते. त्यात गैर काही नाही, फक्त ते आधी मान्य करा.

टप्पा २ : तीन गुणाकार, याच क्रमाने

माझ्या मते अर्ध्याहून जास्त मोहिमांचं भवितव्य इथेच ठरतं, म्हणून इथे रेंगाळतो.

*पहिला गुणाकार : आयनीभवन प्राचल.* घनतेच्या मानाने क्ष-किरणांचा जोर किती, हे सांगणारा आकडा. याला ग्रीक अक्षरावरून क्साय म्हणतात. प्रयोगशाळेत रूढ व्याख्या अशी : क्साय = ४ × पाय × क्ष-किरणांचा प्रवाह ÷ इलेक्ट्रॉन घनता. प्रवाह अर्ग (ऊर्जेचं एकक) प्रति चौरस सेंमी प्रति सेकंद, म्हणून क्सायचं एकक अर्ग-सेंमी प्रति सेकंद. स्रोत सर्व दिशांना सारखा पसरत असेल तर हेच सूत्र "स्रोताची एकूण शक्ती ÷ (घनता × अंतराचा वर्ग)" असं होतं.

उदाहरण घेऊ. १ जूल क्ष-किरण १ नॅनोसेकंदात बाहेर पडले. शक्ती १०^९ वॅट, म्हणजे १०^१६ अर्ग प्रति सेकंद. नमुना १ मिमीवर, इलेक्ट्रॉन घनता १०^१८. भागाकार करा : क्साय बरोबर १. हा आकडा पाठ करून ठेवा. क्ष-किरण ऊर्जा दहापट, क्साय दहापट. अंतर दुप्पट, क्साय चौथाई.

> सावधान : पुण्या-मुंबईत क्ष-किरण खगोलशास्त्र शिकून आलेली मुलं इथे हमखास अडखळतात. खगोलशास्त्रात घनता पुष्कळदा हायड्रोजनची घेतात आणि प्रवाह १ ते १००० रिडबर्ग, म्हणजे १३.६ ईव्ही ते १३.६ हजार ईव्ही, एवढ्या पट्ट्याचा. प्रयोगशाळेत घनता इलेक्ट्रॉनांची असते आणि प्रवाह अनेकदा मोजलेल्या अरुंद पट्ट्यापुरताच. दोन्ही क्साय शेजारी ठेवण्याआधी व्याख्या जुळवा. "४ × पाय" विसरलं तरी उत्तर साडेबारापट चुकतं.

*दुसरा गुणाकार : दर अणूमागे किती फोटॉन लागले.* हा बहुतेकजण करतच नाहीत. तेच १ जूल १ मिमीवर ०.१२६ चौरस सेंमीवर पसरतात, म्हणजे दर चौरस सेंमीला ८ जूल. फोटॉन ३.५ हजार ईव्हीचे असतील तर दर चौरस सेंमीला सुमारे १.४ × १०^१६ फोटॉन. त्या ऊर्जेला अरगॉनचा शोषण-छेद (फोटॉनला एक अणू केवढं लक्ष्य वाटतो ते क्षेत्रफळ) सुमारे ७ × १०^-२० चौरस सेंमी. गुणाकार आला ०.००१. हजार अणूंतल्या एकालाच फोटॉन लागला!

आता तेवढीच ऊर्जा ३०० ईव्हीच्या मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या, फोटॉनांत असेल तर? फोटॉन दहापटीहून जास्त, आणि अरगॉनच्या एल-कडेच्या (एल-कवचातला इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या किमान ऊर्जेच्या) वर असल्याने छेद सुमारे ४ × १०^-१८. गुणाकार ०.६ ते ०.७. तीन अणूंतल्या दोघांना फोटॉन लागला.

क्साय मात्र दोन्ही वेळा तोच, १! यातून दोन गोष्टी कळतात. एक, स्रोताच्या वर्णपटाचा मऊ भाग मोजला नसेल तर गॅस कशाने आयनित झाला हे तुम्हाला माहीतच नाही. दुसरी त्याहून घातक. क्साय वाढवायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे दाब कमी करणं. दाब दहापट उतरवला, क्साय दहापट चढला, आराखड्यात आकडा देखणा दिसतो. पण दुसरा गुणाकार जागचा हलत नाही, कारण त्यात घनता येतच नाही. क्ष-किरणांचा स्पंद (क्षणिक झोत) संपेपर्यंत गॅस होता तसाच थंड राहतो. आणि गॅस आयनित न झाल्याने इलेक्ट्रॉन कमी राहिले, म्हणून क्साय आणखीच मोठा दिसतो. ज्या प्रयोगात काहीच घडलं नाही, त्याचाच क्साय सर्वांत जास्त येतो.

*तिसरा गुणाकार : धडकेची शर्यत.* फोटॉनने आयनित होण्याचा दर म्हणजे दुसरा गुणाकार भागिले स्पंदाचा काळ : मऊ फोटॉनांसाठी सेकंदाला सुमारे ७ × १०^८, कठीण फोटॉनांसाठी १०^६. समोर धडकेचा दर. थोडेच इलेक्ट्रॉन गमावलेल्या अरगॉनसाठी, काही दशक ईव्ही तापमानाला, धडकेचा गुणांक १०^-८ च्या घरात असतो. घनता १०^१८ असेल तर दर सेकंदाला १०^१०. म्हणजे बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत धडक जिंकली. आतल्या के-कवचाचं तसं नाही. ते फोडायला ३.२ हजार ईव्ही लागतात, ३० ईव्हीच्या इलेक्ट्रॉनांची तिथे डाळ शिजत नाही. म्हणून "हा प्लाझ्मा फोटोआयनीकृत आहे" हे विधान सरसकट करू नका. कुठल्या आयनासाठी, स्पंदाच्या कुठल्या क्षणी, हे सांगा.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कथिलाच्या लेसर-प्लाझ्माने अरगॉन प्रकाशित केला आणि क्साय ५० च्या आसपास गाठला. त्याच शोधनिबंधात त्यांनी स्वच्छ लिहिलं की क्ष-किरणांचा शिखरबिंदू येण्याआधीच प्लाझ्मा धडकेच्या ताब्यात जाऊ लागतो. आकडा आणि त्याची मर्यादा एकत्र सांगण्याची ही पद्धत उचलण्यासारखी आहे.

> तपासणी : तिन्ही उत्तरं एका कागदावर, दाबाच्या तीन वेगवेगळ्या मूल्यांसाठी लिहा. दुसरा गुणाकार ०.१ च्या खाली असेल तर पुढे जाऊ नका. ऊर्जा वाढवा, अंतर कमी करा किंवा फोटॉनची ऊर्जा बदला.

टप्पा ३ : स्रोत निवडा, आणि त्याचा रंग विसरू नका

स्रोताचे तीन ढोबळ प्रकार आहेत.

पहिला, धातूच्या पातळ पत्र्यावर थेट लेसर. यातून ठरावीक पट्ट्यात दाट वर्णरेषा मिळतात. कथिलाच्या एल-कवचाच्या रेषा साधारण ३ ते ४.५ हजार ईव्हीमध्ये येतात आणि अरगॉनची के-कडा ३.२ हजार ईव्हीला आहे, म्हणून ही जोडी जमते. पत्रा आणि नमुना यांची अशी जोडी जुळवणं हेच या पद्धतीचं मर्म.

दुसरा, कोंडीव पोकळी, म्हणजे होलरॉम. सोन्यासारख्या जड धातूच्या नळकांड्यात लेसर सोडला की आत उष्मीय क्ष-किरण भरतात. वर्णपट गुळगुळीत, प्रारूपात घालायला सोपा, पण मऊ. शिवाय नमुना तोंडाला चिकटवून ठेवला तर तो सर्व बाजूंनी त्याच किरणांत न्हातो आणि उष्मीय समतोलाकडे सरकतो. ताऱ्याजवळच्या वायूला रंगाने तापलेलं पण पसरून विरळ झालेलं प्रारण मिळतं. तशी विरळता अंतरानेच येते. स्पंद लांबवण्याचाही उपाय आहे : रॉचेस्टरच्या ओमेगा ईपी लेसरवर तीन पोकळ्या एकामागून एक पेटवून सुमारे ३० नॅनोसेकंदांचा स्रोत तयार केला गेला.

तिसरा, आतल्या दिशेने चिरडलेली गोळी. ओसाकाच्या गेक्को १२ लेसरच्या १२ झोतांनी प्लॅस्टिकची पोकळ गोळी चिरडून सुमारे ५०० ईव्ही तापमानाचा, जवळपास कृष्णिकेसारखा (केवळ तापमानावर वर्णपट ठरणाऱ्या आदर्श उत्सर्जकासारखा) स्रोत मिळवला आणि १.२ मिमीवरच्या सिलिकॉन प्लाझ्मावर टाकला. २००९ चं हे काम. क्साय ६ च्या आसपास, स्रोताचा काळ जेमतेम १६० पिकोसेकंद. रंग उत्तम, पण काळ किती थोडा ते पाहा.

मोठा लेसर हाताशी नसेल तर वाट बंद होत नाही. वॉर्सॉच्या लष्करी तंत्र विद्यापीठात टेबलावर मावणाऱ्या एनडी-याग लेसरने झेनॉनच्या फुंकाऱ्यातून टोकाचे अतिनील किरण तयार करून सोन्याचा मुलामा दिलेल्या आरशाने गॅसवर एकवटतात. मिळणारा प्लाझ्मा थंड असतो, कृष्णविवराची बरोबरी तो करत नाही. पण शॉट पुन:पुन्हा घेता येतात आणि या लेखातली प्रत्येक चूक तिथे स्वस्तात शिकता येते. नवख्यांनी सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे.

> सावधान : मूळ अवरक्त लेसरपेक्षा दुप्पट किंवा तिप्पट वारंवारतेचा प्रकाश वापरा. अवरक्त प्रकाशाने जास्त तीव्रतेला अतिवेगवान इलेक्ट्रॉन सुटतात. ते नमुन्यात शिरले की आयनीभवन त्यांनीच केलेलं असतं आणि श्रेय तुम्ही क्ष-किरणांना देता.

टप्पा ४ : नमुना, दाब आणि खिडकी

खोलीच्या तापमानाला १ मिलिबार दाब म्हणजे सुमारे २.५ × १०^१६ अणू. ४ मिलिबार म्हणजे १०^१७. प्रत्येक अणूने १० इलेक्ट्रॉन सोडले तर इलेक्ट्रॉन घनता १०^१८. क्साय काढताना ही शेवटची घनता घ्यायची, भरलेल्या गॅसची नव्हे. अणू-घनता आणि इलेक्ट्रॉन-घनता यांची गल्लत मला दर वर्षी सापडते.

दाबमापकाबद्दल विस्ताराने सांगतो, कारण हे मी स्वतः भोगलं आहे. एका मोहिमेत आमच्या गॅस-सेलवर पिरानी मापक होता. पिरानी मापक तापलेल्या तारेची उष्णता गॅस किती वेगाने ओढून नेतो यावरून दाब सांगतो, आणि त्याची पट्टी नायट्रोजनवर बेतलेली असते. अरगॉन उष्णता कमी वाहून नेतो, म्हणून मापक खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतो. खरा दाब दाखवलेल्या आकड्याच्या दीडपटीहून अधिक असतो आणि दाब चढत जाईल तशी तफावत वाढते. आम्ही काट्यावर ४ वाचत होतो, सेलमध्ये ६ च्या वर होतं. इंटरफेरोमीटरची (प्रकाशाच्या व्यतिकरणावरून घनता मोजणाऱ्या उपकरणाची) घनता प्रारूपाशी जुळेना म्हणून आम्ही आधी इंटरफेरोमीटरवर संशय घेतला, मग प्रारूपावर, मग लेसरच्या ऊर्जेवर. मापकाकडे शेवटी गेलो. तोवर मोहीम संपली होती. पडद्याच्या वाकण्यावरून दाब सांगणारा धारित्र-मापक गॅस कुठला आहे हे विचारत नाही. तोच लावा, आणि सेलला लावा, भरणाऱ्या नळीला नव्हे.

आता खिडकी. क्ष-किरण आत यावेत आणि गॅस बाहेर जाऊ नये म्हणून दीडेक मायक्रॉन मायलर (एक प्लॅस्टिक) किंवा त्याहून दहापट पातळ सिलिकॉन नायट्राइडचा पडदा लावतात. मायलर चिवट आहे, पण त्यात कार्बन आहे आणि कार्बनची के-कडा २८४ ईव्हीला येते. तिच्या थोडं वरचे फोटॉन मायलर जवळजवळ संपूर्ण गिळतो. टप्पा २ मधले ३०० ईव्हीचे कामसू फोटॉन आठवा : तेच खिडकीत अडकले! एका आराखड्यात संपूर्ण आयनीभवन या पट्ट्यावर अवलंबून होतं आणि खिडकी मायलरची होती. लेखकाने स्रोताचा वर्णपट घेतला होता, खिडकीचा पारगमन-आलेख घेतला नव्हता.

खिडकी बसवल्यावर सेल भरून त्यावर टॉर्चचा तिरपा उजेड टाका. नीट ताणलेला पडदा एकसारखा, गोल फुगतो आणि उजेडाची एकच अखंड कड दिसते. कड कुठे तुटली असेल तर तिथे सुरकुती आहे, आणि सुरकुतीतून गॅस झिरपतो. दहा मिनिटं थांबून दाब पुन्हा वाचा.

शॉटच्या वेळी खिडकी स्वतःही तापते, फुटते आणि तिचा प्लाझ्मा गॅसमध्ये शिरतो. सेकंदाला १०^७ सेंमी वेगाने १० नॅनोसेकंदांत तो १ मिमी आत येतो. म्हणून मोजायची जागा खिडकीपासून दूर ठेवा किंवा मोजणी त्याआधी संपवा. खिडकी नकोच असेल तर गॅसचा फवारा वापरता येतो, मात्र फवाऱ्यात घनता जागोजागी बदलते आणि ती स्वतंत्रपणे मोजावी लागते. घन पदार्थ हवा असेल तर पातळ थर प्लॅस्टिकच्या दोन थरांत दाबून ठेवतात, म्हणजे तो तापून फुगताना सारखेपणाने फुगतो.

> तपासणी : मऊ फोटॉन नमुन्यात किती खोल जातात? ४ मिलिबार अरगॉनमध्ये ३०० ईव्हीचा फोटॉन सरासरी २.५ सेंमी जातो. ४० मिलिबारला २.५ मिमीच. सेल त्याहून लांब असेल तर पुढचा आणि मागचा गॅस दोन वेगळे प्लाझ्मा आहेत.

टप्पा ५ : चार राशी, चार स्वतंत्र मापनं

प्रवाह, इलेक्ट्रॉन घनता, इलेक्ट्रॉन तापमान आणि आयनांचं प्रमाण. या चारही वेगवेगळ्या उपकरणांनी मोजा. एकाच वर्णपटातून, एकाच प्रारूपाने चारही काढले आणि मग "प्रारूप जुळलं" म्हटलं तर ते गोल गोल फिरणं झालं.

प्रवाहासाठी फिल्टर लावलेले, अंशांकित डायोड आणि सोबत वर्णपटमापक. डायोड निरपेक्ष आकडा देतो, वर्णपटमापक आकार. मऊ पट्ट्यासाठी जाळी-वर्णपटमापक वेगळा लागतो, स्फटिकाचा मापक तिथवर पोचत नाही. डायोड नमुन्याच्या दिशेनेच पाहत असेल असं नाही. पत्र्याचा स्रोत पुढे आणि मागे सारखा चमकत नाही, म्हणून कोन लिहून ठेवा.

घनतेसाठी इंटरफेरोमेट्री. हिरव्या ५३२ नॅनोमीटर प्रोब-लेसरने २ मिमी लांबीच्या, १०^१८ घनतेच्या प्लाझ्मातून व्यतिकरणाची पट्टी सुमारे अर्ध्याने सरकते. अर्धी पट्टी वाचता येते, दशांश पट्टी वाचायला हात बसावा लागतो. दाब आणखी उतरवायचा विचार असेल तर आधी हे आठवा.

तापमानासाठी थॉमसन विकिरण (मुक्त इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेला लेसर प्रकाश) किंवा पुनःसंयोगाचा अखंड वर्णपट. मुक्त इलेक्ट्रॉन आयनात परत पडतो तेव्हा आयनीभवनाच्या कडेपासून वर प्रारणाची एक शेपूट दिसते आणि तिची रुंदी इलेक्ट्रॉन तापमानाएवढी असते. फोटोआयनीकृत प्लाझ्मात ही शेपूट अरुंद असते. हेलियमसदृश, म्हणजे दोनच इलेक्ट्रॉन उरलेल्या, सिलिकॉनमधून इलेक्ट्रॉन काढायला २.४ हजार ईव्ही लागतात, तरी आजूबाजूचे इलेक्ट्रॉन ३० ईव्हीचेच. आयन अति-सोललेला आणि इलेक्ट्रॉन थंड : ही विसंगतीच तुमचा पुरावा.

> सावधान : हेलियमसदृश आयनांच्या तीन रेषांचं गुणोत्तर खगोलशास्त्रातून जसंच्या तसं उचलू नका. प्रयोगशाळेच्या घनतेला त्यांतली वर्जित रेषा (फार सावकाश घडणाऱ्या संक्रमणाची) धडकांनी विझते. ओसाकाच्या प्रयोगातला सिलिकॉन वर्णपट सिग्नस एक्स-३ आणि वेला एक्स-१ या क्ष-किरण देणाऱ्या जोडताऱ्यांसारखा दिसला, पण सारख्या दिसणाऱ्या शिखरामागचं कारण खगोलशास्त्रातल्या रूढ स्पष्टीकरणाहून वेगळं निघालं. दिसण्यावर जाऊ नका.

टप्पा ६ : चेंबरमधली मांडणी

इथे नियम एकच : नमुन्याला स्रोत दिसला पाहिजे, नमुना पाहणाऱ्या वर्णपटमापकाला स्रोत दिसता कामा नये. स्रोत नमुन्यापेक्षा कितीतरी पटींनी तेजस्वी असतो, त्याची तिरीपसुद्धा नमुन्याची रेषा बुडवते. आड लावलेल्या पत्र्याची कड चेंबर उघडा असतानाच, स्रोताच्या जागी छोटा दिवा ठेवून, वर्णपटमापकाच्या तोंडाशी डोळा लावून तपासा. दिव्याचा ठिपका अजिबात दिसता कामा नये. ही तपासणी दिव्यानेच करा, चेंबरमध्ये लेसर चालू असताना कधीही नाही.

विखुरलेला लेसर प्रकाश हा दुसरा शत्रू. न शोषलेला लेसर नमुन्यावर पडला तर तो थेट तापतो. स्रोत आणि नमुना यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिकवर ॲल्युमिनियमचा थर दिलेला पडदा प्रकाश अडवतो. त्याचं पारगमनही हिशेबात घ्या.

बेरिलियमचे फिल्टर वापरत असाल तर फुटलेल्या तुकड्यांना हात लावू नका, फुंकर मारू नका. धूळ विषारी आहे. सुरक्षा विभागाला बोलवा.

टप्पा ७ : शॉटांचा क्रम

मिळालेल्या दिवसांपैकी पहिला भाग नियंत्रण-शॉटांचा. मुख्य शॉट आधी घेऊन "वेळ उरला तर" नियंत्रण घेऊ म्हणणाऱ्यांना वेळ कधीच उरत नाही. क्रम असा ठेवा :

१. फक्त स्रोत, सेल रिकामा. पार्श्वभूमी आणि प्रवाह इथे ठरतात.

२. गॅस भरलेला, स्रोत पेटलेला, पण दोघांमध्ये जाड आड. आता जे काही दिसेल ते विखुरलेल्या प्रकाशाचं, वेगवान इलेक्ट्रॉनांचं किंवा विद्युत गोंगाटाचं.

३. त्याच दाबाचा दुसरा गॅस, ज्याच्या रेषा तुमच्या पट्ट्यात येत नाहीत. तरीही रेषा दिसली तर ती खिडकीची, सेलच्या भिंतीची किंवा स्फटिकाची आहे.

४. मग मुख्य शॉट, मधल्या दाबाला.

५. तोच शॉट पुन्हा. पुनरावृत्ती जुळली नाही तर पुढे जाऊ नका.

६. अंतर बदलून, दाब तोच ठेवून. इथे प्रवाह बदलतो, आरंभीची अणू-घनता बदलत नाही.

७. दाब बदलून, अंतर तेच ठेवून.

सहावा आणि सातवा वेगवेगळे ठेवण्याला कारण आहे. एकेकाचा परिणाम वेगळा कळला की मगच पुढची कसोटी घेता येते. अंतर आणि दाब एकदम बदलून क्साय तोच राखला तर खरा फोटोआयनीकृत, समतोलात पोचलेला प्लाझ्मा तोच वर्णपट देईल. तो तसा देत नसेल तर धडका किंवा अपुरा काळ आडवा आला आहे. ही कसोटी ज्यांनी घेतली त्यांचा निकाल मी आधी वाचतो.

टप्पा ८ : शॉटच्या दिवशी

गॅसची नळी तीनदा भरून तीनदा उपसा, तेव्हाच सेल भरा. नळीत राहिलेली हवा म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन, आणि ते फुकटचे इलेक्ट्रॉन देतात. दाब शॉटच्या अगदी आधी वाचा, भरतानाचा नव्हे, आणि वाचणाऱ्याने मोठ्याने म्हणावा, दुसऱ्याने लिहावा.

स्ट्रीक कॅमेऱ्याला (वर्णपट काळानुसार ताणून टिपणाऱ्या) लेसरच्याच एका तिरिपीची वेळ-खूण द्या. तिच्याशिवाय क्ष-किरणांचं शिखर आणि नमुन्याचं शिखर यांतलं अंतर सांगता येत नाही, आणि टप्पा २ मधली तिसरी शर्यत क्षणाक्षणाची आहे.

प्रतिमा-पट्टी (फिल्मऐवजी क्ष-किरणांचा ठसा साठवणारी) वापरत असाल तर तिच्यावरचा ठसा शॉटनंतर आपोआप पुसट होतो, पहिल्या तासात सर्वांत वेगाने. प्रत्येक पट्टी शॉटनंतर ठरावीक मिनिटांनीच वाचा. एक वीस मिनिटांनी आणि दुसरी जेवून आल्यावर वाचली तर दोघींची तुलना होत नाही. मंद उजेडातच हाताळा.

मोठ्या लेसरच्या शॉटला विद्युतचुंबकीय धक्का बसतो. चेंबरजवळचे संगणक आणि दाबमापकाचे वाचक अडकतात. अडकलेला वाचक शेवटचा आकडा तसाच दाखवत राहतो आणि तो ताजा वाटतो. शॉटनंतर प्रत्येक वाचक हलतो आहे ना, हे पाहून घ्या.

टप्पा ९ : आकडे वाचताना

एक्सस्टार आणि क्लाउडी ही खगोलशास्त्रज्ञांची प्रारूपं आहेत आणि त्यांचा नेहमीचा वापर समतोल गृहीत धरून होतो. तुमच्या स्पंदात समतोल येतो का? पुनःसंयोगाचा गुणांक १०^-११ च्या आसपास आणि घनता १०^१८ धरली तर इलेक्ट्रॉन परत पडायला १०० नॅनोसेकंद लागतात. स्पंद १ नॅनोसेकंदाचा. म्हणून काळानुसार चालणारं प्रारूप आधी चालवा, मग त्याच्या शेजारी समतोलाचं उत्तर ठेवा आणि दोघांतला फरक शोधनिबंधात दाखवा. फरक लपवला तर परीक्षक तो हमखास विचारतात, आणि तेव्हा उत्तर द्यायला शॉट उरलेले नसतात.

प्रारूपात स्रोताचा मोजलेला वर्णपट घाला, खिडकी आणि फिल्टर यांतून गाळलेला. "५०० ईव्हीची कृष्णिका" असं सोयीचं गृहीत टाकू नका. मोजलेल्या पट्ट्याच्या बाहेर काय धरलं ते लिहा, आणि ते अर्धं केलं तर उत्तर किती हलतं तेही.

क्सायची त्रुटी काढताना प्रवाहाची आणि घनतेची त्रुटी दोन्ही घ्या. ओसाकाच्या गटाने ५.९ च्या पुढे ३.८ ची त्रुटी छापली, आणि त्या कामाचं मोल त्याने कमी झालं नाही. दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेला, त्रुटी नसलेला क्साय दिसला की मी थेट त्यांच्या दाबमापकाचं नाव शोधतो.

शेवटी शिखर-क्षणाचा एकच क्साय देऊ नका. प्रवाह वाढत असताना इलेक्ट्रॉन घनताही वाढत असते. प्रवाहाचं शिखर आणि घनतेचं शिखर एकत्र येत नाहीत, आणि दोन वेगळ्या क्षणांचे आकडे भागून आलेला क्साय कुठल्याच क्षणी अस्तित्वात नसतो. काळाविरुद्ध क्सायचा आलेख काढा, त्यावर वर्णपटमापक उघडा होता तो काळ रंगवा, आणि फोटॉनचा दर धडकेच्या दराखाली कुठे जातो तिथे उभी रेघ मारा. रंगवलेला भाग त्या रेघेच्या डावीकडे आला तर शीर्षकात "फोटोआयनीकृत" हा शब्द लिहा.